बोटभर लाइनर

"केबल सीधी करो" असं कोणी नुसतं म्हटलं तरी माझे दोन्ही पाय आजही आपोआप वर उचलले जातात. बसलेली असेन तर बसल्या जागी, उभी असेन तर दोन पावलं मागं. घरच्यांना याचं हसू येतं. हसोत बापडे. त्यांनी चाचांच्या हाताखाली काम केलेलं नाही.

उमरखेडच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी साडेचार वर्षं काढली, तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या, फाटकं बनायची, शाळांचे बाक बनायचे. चाचा तिथले सगळ्यांत जुने वेल्डर. त्यांचं नाव फक्त आधार कार्डावर होतं, बाकी जगाला ते चाचा. सकाळी नऊला सायकलवरून यायचे ते पांढऱ्याशुभ्र पायजमा-कुर्त्यात, कानात अत्तराचा फाया घालून. पाहुण्याला वाटावं, कोणाच्या तरी निकाहला निघालेत. आत आले की पांढरे कपडे घडी करून खुंटीला, आणि अंगात भोकाभोकांचा खाकी सदरा. संध्याकाळी पुन्हा पांढरे. मी एकदा विचारलं, चाचा, एवढा सोस काहून? तर म्हणाले, "सून धुते न बेटी. तिच्या हातचे धुतलेले कपडे जाळाचा मले काय हक हाय?"

मी तांड्यातली. ढाणकीच्या रस्त्याला आमचा तांडा आहे. तालुक्याला बायकांसाठी सहा महिन्यांचे कोर्स निघाले होते, त्यात शिवणकामाचा भरून गेला म्हणून मला वेल्डिंगचा मिळाला. खरं सांगायला लाज कसली? माझी याडी, म्हणजे माझी आई, कपाळावर हात मारून म्हणाली, "पोरी, आगच हातात घ्याची होती तं चुलीतली काय वाईट होती?" पण मला ते काम आवडलं. काचेतून पाहताना वितळलेल्या लोखंडाचा तो एवढासा थेंब पुढं सरकतो ना, त्याच्यापुढं मला दुसरं काही सुचायचं नाही.

कोर्स झाला, कागद मिळाला, आणि मग कळलं की बाईच्या हातात वेल्डिंगची गन द्यायला गावात कोणी तयार नाही. "ताई, रंग मारा," "ताई, झाडून काढा." चार ठिकाणी हेच. मी तोंडानं फटकळ, दोन ठिकाणी भांडून आले. पाचव्या ठिकाणी, म्हणजे याच वर्कशॉपमध्ये, मालक शेठजींनीही तेच म्हटलं, रंग मारा. मी वळणार, तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारा उठला. एका हातात तारेचं टोक, दुसऱ्या हातात स्प्रिंगसारखी लांबलचक नळी. मला म्हणाला, "दोन बोटात धर. ढकल."

मी ढकलली. तार चार हात सरळ गेली, मग अडली. मी जोर लावला नाही. थोडी मागं घेतली, बोटांत जराशी फिरवली, पुन्हा पुढं दिली. गेली.

"हिच्या बोटाले समजते," चाचा शेठजींना म्हणाले. "राहू द्या."

एवढीच माझी मुलाखत. शेठजींनी मान डोलावली, कारण त्या मशीनच्या बाबतीत चाचांपुढं त्यांचं काही चालायचं नाही. त्यालाही कारण होतं.

मशीन म्हणजे सीओटूचं. जुन्या वेल्डिंगला हातात रॉड धरावा लागतो, तो संपला की दुसरा. या मशीनमध्ये तारेचं रीळ असतं. दोन रोलर ती तार केबलमधून ढकलतात आणि ती गनच्या तोंडातून आपोआप येत राहते. केबलच्या पोटात तार ज्या नळीतून सरकते, ती लाइनर. चाचांच्या हातातली स्प्रिंगसारखी नळी तीच. शेठजींनी मोठ्या हौसेनं मशीन आणलं, नारळ फोडला आणि जाहीर केलं की आता कोणीही वेल्डिंग करू शकतो, मशीन सगळं आपणच करते. चाळीस वर्षं रॉड चालवलेल्या चाचांनी हे ऐकून घेतलं. दोन दिवस मशीन चाललं. तिसऱ्या दिवशी तार अडकायला लागली, रोलरपाशी तिचा असा गुंता झाला की कात्रीनं कापून काढावा लागला. नांदेडहून मिस्त्री आला, रोलर आवळून गेला. पुन्हा गुंता. दुसरा मिस्त्री आला, त्यानं आणखी आवळले. मग चाचा जमिनीवर फतकल मारून बसले आणि त्यांनी केबलमधून अख्खा लाइनर ओढून बाहेर काढला. तार होती पॉइंट आठची, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही बारीक. आणि लाइनर निघाला पिवळा, एक पॉइंट सहाचा, तिच्या दुप्पट जाडीच्या तारेसाठीचा.

"आता पाहा शेठ," चाचा म्हणाले म्हणे, "नाल्याच्या पाइपात उंदीर सोडला तं तो सीधा कायले जाईन? इकडं पाहीन, तिकडं पाहीन, मधातच बसून राहीन."

निळा लाइनर आणला, मशीन सुरळीत चालायला लागलं, आणि चाचांना त्या दिवसापासून लाइनरचं जे वेड लागलं ते लागलंच. निळा पॉइंट आठला, लाल एक पॉइंट दोनला, पिवळा एक पॉइंट सहाला. बांगड्यांच्या दुकानातून त्यांनी निळी, लाल, पिवळी रिबीन आणली आणि भिंतीवरच्या तीन खिळ्यांना फुलं बांधली. ज्या रंगाचं फूल त्या रंगाचा लाइनर. चुकून लाल लाइनर निळ्या फुलाला टांगलेला दिसला तर ते ओरडायचे नाहीत, नुसते त्या खिळ्यापाशी जाऊन उभे राहायचे. कोणाचं तरी लक्ष जाईपर्यंत उभेच. एकदा तर चहा तिथंच उभ्यानं प्यायले.

"लाइनर घट झाला तं तार घासते," ते मला सांगायचे. "रोलर ढकलते, तार म्हनते मी नाही जात. ढिला झाला तं तार आतमंदी लचकत चालते, झटके देते. अन् तुमी लोक काय करता? झटके आले की गरकन बटन फिरवून स्पीड वाढवता. अरे, पहले रस्ता साफ हाय का ते पाहा न!"

"रस्ता साफ हाय का?" हे त्यांचं पालुपद होतं आणि ते फक्त मशीनपुरतं नव्हतं. कोणाला सर्दी झाली, रस्ता साफ हाय का? कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येऊन गेले, रस्ता साफ हाय का? शेठजींच्या पोटाची तक्रार असायची, तेव्हाही हेच, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर.

माणसांनाही त्यांनी नंबर दिलेले होते. मी पॉइंट आठ, कारण अंगानं काडी आणि बोलायला तापट. ट्रॉलीचा पत्रा वाकवणारा पहिलवान एक पॉइंट सहा. शेठजी स्वतः किडकिडीत, पण बंगला बांधला तो तीन मजली, आणि राहणारी माणसं दोन. त्यांच्याबद्दल चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "पिवळ्या लाइनरमंदी पॉइंट आठची तार. म्हनून तं बिचाऱ्याचं कुठंच लागत नाही." मी काचेआड हसून घ्यायची.

पण खरा तमाशा लाइनर कापायच्या दिवशी. नवा लाइनर लांब येतो, तो केबलच्या मापानं कापावा लागतो. त्या वेळी केबल जमिनीवर दोरी ताणल्यासारखी सरळ असली पाहिजे, असा चाचांचा कायदा. केबल वेटोळ्यात असली तर लाइनर आतून जवळची वाट धरतो. माप बरोबर वाटतं, तुम्ही कापता, आणि केबल सरळ केली की लाइनर तोंडापासून मागं सरकतो. तेवढ्या मोकळ्या जागेत तार वाकते. म्हणून चाचा हाळी द्यायचे, "केबल सीधी करो!" की सगळ्यांनी हातातलं काम टाकून बाजूला व्हायचं. स्टूल उचला, ग्राइंडर उचला, पाय उचला. एकदा एक पुढारी आपली ट्रॉली पाहायला आले होते, बरोबर पाच-सात पोट्टे. खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि नेमकी त्यांच्या खुर्चीखालून केबल जाणार होती. शेठजी डोळ्यांनी खुणा करून दमले. चाचा पुढाऱ्यांच्या समोर गेले, वाकून सलाम केला आणि म्हणाले, "साहेब, जरा पाय वर घ्या." आणि पुढाऱ्यांनी घेतले हो! लाइनर कापून होईपर्यंत तो माणूस खुर्चीत मांडी घालून बसला होता, पोट्ट्यांनी हसू दाबून धरलं होतं, आणि चाचांचं तिकडं लक्षसुद्धा नव्हतं.

कापून उरलेला तुकडा चाचा कधी फेकायचे नाहीत. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता त्यांच्याकडे. प्रत्येक तुकड्याला रंगाचा दोरा बांधून तो त्यात जायचा. पुढच्या वेळी नवा लाइनर कापला की जुना तुकडा शेजारी धरून पाहायचे. लाइनर आणि केबल त्याच मापाचे असतील तर तुकडाही तेवढाच निघायला पाहिजे, असा त्यांचा हिशोब. आम्ही त्या डब्याला चाचांचा खजिना म्हणायचो.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, माणूस म्हणजे नुसतं वेड. तसं नव्हतं. वर्कशॉपमध्ये बाईला जेवायला बसायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला. दुसऱ्या दिवशी पाहते तर एका ट्रॉलीच्या आडोशाला धुतलेलं पोतं अंथरलेलं आणि पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला. रमजानात चाचांचा रोजा असायचा, दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत, म्हणून मी त्यांच्यासमोर खायला लाजायची. तर एक वाजला की स्वतः मशीन बंद करायचे. "जा, डबा खाय. उपाशी माणसाचा हात हालते, अन् जोड बिगडला की बदनामी माही होते." माझ्या बापानं मला इतक्या वर्षांत कधी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. त्या माणसाबद्दल मला काय वाटायचं ते मी आणखी काय सांगू?

आता तो शुक्रवार सांगते. सांगितल्याशिवाय सुटका नाही.

शुक्रवारी दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजला जायचे. सव्वाला निघायचे, अडीचला यायचे. त्या दिवशी शेठजींना एक ट्रॉली संध्याकाळच्या आत द्यायची होती, फक्त पुढचा दांडा जोडायचा राहिला होता. दांडा म्हणजे ज्यानं ट्रॉली ट्रॅक्टरला अडकते तो, सगळा भार त्याच्यावर. त्याला जाड तार लागते. मशीनवर बारीक तार चढलेली होती. म्हणजे तार बदला, रोलर बदला, निळा लाइनर काढा, लाल घाला. लाल लाइनर जुना झाला होता, नवा पाकिटात होता, अजून न कापलेला.

चाचा जाताना म्हणाले होते, "मी आलो की कापू." शेठजी दर पाच मिनिटांनी येऊन म्हणत होते, "काय ताई, येते का नाही तुमाले? चाचा पाहिजेतच का?" मी पेटले. म्हटलं, येते की! साडेचार वर्षं काय झाडू मारला का इथं?

लाइनर घातला. केबल सरळ करायची तर मधोमध ट्रॉली उभी. ती ढकलायला चार माणसं लागली असती आणि ती जेवायला गेली होती. मला सगळं ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं एवढं ठाऊक होतं. तरी मी केबलला ट्रॉलीच्या चाकाभोवती एक वेढा दिला आणि लाइनर कापला. म्हटलं, बोटभरानं काय होते?

तार झटके द्यायला लागली. एक-दोन... धडधड, मग गप्प, मग धडधड. मी काय केलं असेल? गरकन बटन फिरवून स्पीड वाढवला. जोड वरून भरल्यासारखा दिसला. ग्राइंडर मारला, रंग मारला, चाचा यायच्या आधी ट्रॉली गेली. शेठजी म्हणाले, "शाब्बास." मला ती शाब्बासकी गोड लागली, हेही लिहून टाकते.

चाचा आले, फरशीवर पडलेला लाइनरचा तुकडा उचलला, लाल दोरा बांधून डब्यात टाकला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कापला का? अच्छा." मला विचारलंही नाही की केबल सरळ होती का. विचारायची गरज वाटली नाही त्यांना. मी कापला होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गन हातात घेतली, दोन इंच चालवली आणि थांबले. पुन्हा चालवली. मग केबल सरळ करून लाइनर बाहेर काढला, डब्यातून माझा तुकडा घेतला, जुना लाल तुकडा काढला, दोन्ही शेजारी धरले. एक बोटाचा फरक. मी समोर उभी होते. त्यांनी वर पाहिलं.

"दांडा याच्यानंच मारला?"

मी मान हलवली. चाचांनी पांढरे कपडेसुद्धा घातले नाहीत. तशाच खाकी सदऱ्यात, पायात चप्पल सरकवून सायकलकडे धावले, त्या ट्रॉलीवाल्याला थांबवायला. सायकल फाटकातून बाहेर निघायच्या आधी शेठजींचा फोन वाजला.

ढाणकीच्या अलीकडे जो उतार आहे, तिथं दांडा जोडातून निघाला होता. ट्रॅक्टर पुढं आणि ट्रॉली मागं मागं येऊन नालीत उलटली होती. कापूस वेचायला निघालेल्या अकरा बाया त्या ट्रॉलीत होत्या. पण उताराच्या आधी चहाची टपरी आहे, तिथं त्या उतरल्या होत्या. ड्रायव्हर ट्रॉली वळवून आणायला एकटाच खाली गेला आणि तेवढ्यात हे झालं. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या अकरा बायांतल्या चार आमच्या तांड्यातल्या होत्या. एक माझी याडी होती.

शेठजींनी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. चेहरा पांढराफटक. शुक्रवारी मला शाब्बास म्हणणारे तेच, तरी विचारलं, "दांडा कोनी मारला?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, उघडलं होतं. जी बाई दोन ठिकाणी मालकांशी भांडून आली होती, तिच्या तोंडातून त्या मिनिटाला एक शब्द फुटला नाही.

"म्या मारला," चाचा म्हणाले. "लाइनर म्या कापला. कमी कापला गेला. बुढ्ढा झालो शेठ, नजर राह्यली नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, रिबिनीच्या फुलांकडे पाहत होते. शेठजींनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "चाचा, आता आराम करा." चाचांनी हात धुतले, पांढरे कपडे घातले, तुकड्यांचा डबा सायकलच्या मागं बांधला आणि गेले. चाळीस वर्षं राबलेला माणूस पाच मिनिटांत गेला, आणि मी गन हातात घेऊन उभी.

आठ दिवस मी गेले कामावर. घरी याडी रोज सगळ्यांना सांगायची, चहानं वाचवलं बाई आमाले. मी भाकरी मोडायची आणि तशीच ताटात ठेवून उठायची. नवव्या दिवशी चाचांच्या घरी गेले. दार सुनेनं उघडलं. मला पाहून तिनं पदर तोंडाला लावला, रडते की हसते कळेना.

"आओ दीदी. अब्बा सगळ्या घराचे रस्ते साफ करून राह्यले. कूलरचा पाइप खोलला, गॅसची नळी खोलली, आज लेकराची दुधाची बाटली खोलली. त्याईले कामावर घेऊन जा न."

चाचा अंगणात बसले होते, मांडीवर बाटलीचं बूच. मी समोर बसले आणि म्हटलं, "काहून, चाचा? काहून खोटं बोलले तुमी?"

ते बूच पुसत राहिले. "मले घरी पाठवलं तं काय होते? घरी सून हाय, चाय हाय, नात हाय. तुले पाठवलं असतं तं त्याईनं गावभर सांगतलं असतं, बाईनं जोड मारला अन् ट्रॉली पडली. मंग या तालुक्यात दुसऱ्या बाईच्या हाती गन कोन देनार होतं? एका बुढ्ढ्याची नजर गेली, त्याची कोनी बातमी करत नाही."

मला रडू आवरेना. चाचा घाबरले. "चूप, चूप. पॉइंट आठ अशी वाकत नसते." मग म्हणाले, "अन् शेठले काही सांगाचं नाही. कसम खाय."

मी कसम खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, लाइनर मी कापला होता, दांडा मी मारला होता, चाचा तेव्हा इथं नव्हतेच.

शेठजींनी वर पाहिलं. "मले मालूम हाय," ते म्हणाले. "शुक्रवार होता न. शाब्बास म्याच म्हनलं, अन् दीड वाजता चाचा मशिदीत असते."

"मंग?"

"मंग काय? म्हातारं मानूस. आज ना उद्या घरी पाठवाचंच होतं, पन मले म्हनता येत नव्हतं. आपनहून निंगाले, बरं झालं. तुमी काम करा, ताई. तुमचा हात चांगला हाय."

मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. पत्रा वाकवणारा पहिलवान मध्ये पडला म्हणून टेबल उलटलं नाही. हातमोजे तिथंच टाकले आणि चालत तांड्यावर आले. त्या संध्याकाळी याडीलाही सांगितलं, तू ज्या ट्रॉलीत होतीस तिचा जोड माझ्या हातचा होता. ती चुलीपुढं बसली होती. चुलीतलं लाकूड मागं ओढून म्हणाली, "मंग आता चांगला मारत जाय." बस, एवढंच.

पुढच्या वर्षी आमच्या बचत गटानं तांड्याच्या तोंडाशी, डांबरी रस्त्याला लागून, माझं शेड उभं केलं. जुनं सीओटू मशीन आणलं. शेड बांधताना मिस्त्री डोकं खाजवत होता. रुंदी एवढीशी आणि लांबी रेल्वेच्या डब्यासारखी, कशाला हो ताई? मी म्हटलं, तू बांध. पायानं मोजून घेतलं होतं मी. केबल सरळ ताणल्यावर पुढं एक माणूस बसेल एवढी जागा पाहिजे होती.

उघडायच्या दिवशी चाचा आले. मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून, पांढऱ्या कपड्यात, अत्तर लावून. हात आता चांगलेच थरथरत होते. आत आल्या आल्या भिंतीकडे पाहिलं. निळं, लाल, पिवळं फूल जागेवर होतं. मग शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली, आणि त्यांना कळलं. डोळे पुसले, धूर नव्हता तरी.

"पहला लाइनर तुमी कापा, चाचा," मी म्हटलं.

"नाही. तू काप. मी तिकडून धरतो." आणि मग त्या चिरक्या आवाजात हाळी दिली, "केबल सीधी करो!" याडी, गटातल्या बाया, तांड्याचे प्रमुख नायक, सगळे भिंतीला चिकटले. चाचा पांढऱ्या कपड्यांनिशी त्या टोकाला जमिनीवर बसले, दोन्ही हातांनी केबल धरली. कपडे मळतील म्हणून मी पोतं टाकायला धावले तर म्हणाले, "राहू दे. सूनले सांगतलं हाय."

मी कापला. त्यांनी तुकडा मागून घेतला, डोळ्याजवळ नेऊन पाहिला, दोरा बांधला. "तुहा डबा कुठी हाय?"

माझ्याकडे डबा नव्हता. ते जणू ठाऊकच असल्यासारखं त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा एक नवा, रिकामा डबा काढला. रिकामा नव्हता. हलवला तसा आत काहीतरी वाजलं. उघडला तर तळाशी एकच तुकडा होता, लाल दोऱ्याचा, जरा जास्त लांब.

"हा पहला ठेव," चाचा म्हणाले. "बाकीचे याच्यावर."

चाचांना जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या डब्यात तुकडे बरेच जमलेत, झाकण लागत नाही. शेडमध्ये आता तीन बाया काम करतात, चौथी या महिन्यात आली. नवी आली की पहिल्या दिवशी मी तिच्या हातात गन देत नाही. डबा उलटा करते, तळातला तो तुकडा काढते, दुसऱ्या तुकड्याशेजारी तिच्या तळहातावर ठेवते आणि फरक पाहायला सांगते. मग ती विचारतेच, ताई, हा कोनी कापला?

"म्या," मी सांगते. "म्या कापला."